मापात पाप : कंपायलरच्या परफॉर्मन्स टेस्टमधल्या या चुका टाळा

मे महिन्यातली गोष्ट. मी भुसावळला घरूनच काम करतो, एका कंपायलरच्या टीममध्ये. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम. मागच्या खोलीत कपाटाशेजारी आमचं टेस्टचं मशीन ठेवलंय. कमिट, म्हणजे कोडमधला नोंदवलेला बदल, आली की ते कंपायलर बांधतं, ठरलेले प्रोग्रॅम त्यातून काढतं, किती वेळ लागला ते नोंदवतं आणि आधीपेक्षा जास्त लागला तर ग्रुपवर निरोप टाकतं. त्या आठवड्यात रोज दुपारी निरोप येत होता. साडेतीन टक्के रिग्रेशन, म्हणजे तेवढा वेग घटला. चार टक्के रिग्रेशन. एके दिवशी नाव लागलं चाळीसगावच्या एका पोराचं, टीममध्ये येऊन त्याला तीन महिनेही झाले नव्हते. त्याचा फोन आला, "दादा, मी फक्त कॉमेंटमधलं स्पेलिंग नीट केलंय हो. त्यानं कंपायलर हळू कसा होईल?"

होणार नाही, हे मलाही कळत होतं. पण तोवर कोणीतरी त्याची कमिट मागे घेतली होती आणि मागे घेतल्यावर ग्राफ खरंच खाली आला. कारण एवढंच, की मागे घेईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले होते.

तेव्हाच ठरवलं, की या कामात माझ्या आणि आजूबाजूच्यांच्या हातून झालेल्या चुका एकदा लिहून काढायच्या. कंपायलरने चुकीचा कोड काढला तर टेस्ट लाल होते आणि वाद तिथेच मिटतो. वेगाचं तसं होत नाही. तिथला प्रत्येक आकडा कुठल्यातरी काट्यावर तोललेला असतो, आणि निम्मी भांडणं काट्याचीच निघतात.

उन्हाचा दोष कमिटच्या माथी

दुपारी आमच्याकडे लाइट जायची. मशीन आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत, कूलर नाही. कूलर जोडला तर इन्व्हर्टर तासाभरात मान टाकतो. म्हणजे बाहेर ४५ अंश, खिडक्या बंद, कूलर बंद, आणि प्रोसेसर सगळ्या कोअरवर कंपायलर बांधतोय. ठरावीक तापमानाच्या वर गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. हेच थर्मल थ्रॉटलिंग. टेस्टच्या घड्याळाला यातलं काही कळत नाही. त्याला इतकंच दिसतं, की काल ४० सेकंदांत झालेल्या कामाला आज साडेएकेचाळीस लागले.

इंटेलच्या प्रोसेसरवर लिनक्स याची नोंद ठेवतं. सिस्टीमच्या सीपीयू फोल्डरमध्ये प्रत्येक कोअरखाली 'थर्मल थ्रॉटल' नावाचा कप्पा असतो, त्यात 'कोअर थ्रॉटल काउंट' हा आकडा. फेरीच्या आधी तो वाचा, नंतर पुन्हा वाचा. मधल्या वेळात वाढला असेल तर ती फेरी टाकून द्या, तिच्यावरून कोणाच्याही नावाने निरोप जाता कामा नये. आमच्याकडे हा आकडा रात्रभर जागचा हलत नव्हता आणि दुपारी लाइट गेली की धावत सुटायचा. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि त्या आठवड्यातले सगळे दुपारचे निरोप गळून पडले.

टर्बोचंही, म्हणजे प्रोसेसरने तात्पुरता वेग वाढवण्याचंही, असंच. थंड मशीन सुरुवातीला जास्त वेगाने पळतं, मग तापून स्थिरावतं. त्यामुळे यादीत वर असलेल्या टेस्ट्सना फुकटचा फायदा मिळतो आणि यादीचा क्रम बदलला की 'रिग्रेशन' उगवतं. टर्बो बंद करा, फ्रीक्वेन्सीचा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर ठेवा. आकडे मोठे येतील, येऊ द्या. रोज सारखे येणं महत्त्वाचं. लॅपटॉपवर तर शक्यतो मोजूच नका. चाळीसगावचा पोरगा लॅपटॉपवर मोजायचा. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर, आणि बॅटरीवर आला की वेग आपोआप खाली. बिचाऱ्याला वाटायचं आपली ऑप्टिमायझेशनची, म्हणजे कोड वेगवान करायची, कल्पनाच फसवी आहे, सकाळी लागू पडते आणि दुपारी पडत नाही.

आणि एक चूक तर एसीच्या खोलीतही होते. जुना कंपायलर सलग दहा वेळा चालवायचा, मग नवा सलग दहा वेळा. पहिल्या दहांना मशीन गार मिळतं, पुढच्या दहांना तापलेलं. नवा कंपायलर कितीही चांगला असला तरी डाव त्याच्यावरच. जुना, नवा, जुना, नवा असं आलटून पालटून चालवा. एक पैसा लागत नाही.

हे सगळं करूनही काट्यावर विश्वास बसत नसेल तर एकच कमिट दोन वेगवेगळ्या नावांनी बांधा आणि त्या दोघांची तुलना करा. दोन्हीकडे कंपायलर तोच, म्हणजे फरक शून्याच्या आसपास हवा. आम्ही ही फेरी आता मुद्दाम दुपारी दोन वाजता लावतो. त्यात दीड टक्का फरक दिसला, तर त्या दिवशी दीड टक्क्याखालच्या कुठल्याही आकड्यावर चर्चा करायची नाही, असा नियमच आहे.

घड्याळ मोजायचं की इन्स्ट्रक्शन?

जळगावच्या सराफ बाजारात सोनं तोलायचा काटा काचेच्या पेटीत असतो. पंख्याच्या वाऱ्याने मिलिग्रॅम हलू नयेत म्हणून. आपल्या कामातली काचेची पेटी म्हणजे इन्स्ट्रक्शनची, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या एकेका सूचनेची, मोजणी. लिनक्सवर 'परफ स्टॅट' ही आज्ञा प्रोसेसरच्या काउंटरमधून सांगते, की प्रोग्रॅमने यूजर मोडमध्ये (कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं, काम सोडून) किती इन्स्ट्रक्शन पुऱ्या केल्या. प्रोसेसर तापून हळू झाला तरी तेवढ्याच कामाला इन्स्ट्रक्शन जवळपास तेवढ्याच लागतात. सेकंदांचा आकडा दोन-तीन टक्के हेलकावे खातो तिथे हा आकडा बहुधा दशांश टक्क्यांतच राहतो.

मोठे प्रकल्प याच वाटेने गेलेत. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाची कंपाइल होण्याची गती मोजणारा ट्रॅकर २०२० पासून निकिता पोपोव्ह चालवतात. त्यात सीटीमार्क या संचातले दहा प्रोग्रॅम असतात, स्क्यूलाइट, सेव्हनझिप, क्लॅमएव्ही, बुलेट वगैरे, आणि ग्राफवर सगळ्यात आधी दिसतो तो इन्स्ट्रक्शनचाच आकडा. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा परफॉर्मन्स डॅशबोर्डही तोच आकडा प्रमाण धरतो. हास्केल या भाषेचा कंपायलर जीएचसी तिसरंच माप घेतो: कंपायलरने एकूण किती बाइट मेमरी मागितली. तोही आकडा तापमानाला भीक घालत नाही.

चूक होते ती यापुढे. हळूहळू माणूस विसरतो, की इन्स्ट्रक्शन म्हणजे वेळ नव्हे. कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान साठ्यात, न सापडलेला डेटा मेमरीतून आणायला इन्स्ट्रक्शन एकच लागते, वाट मात्र शेकडो सायकल, म्हणजे प्रोसेसरचे ठोके, पाहावी लागते. एखाद्याने डेटाची मांडणी बदलून दोन टक्के इन्स्ट्रक्शन वाढवल्या आणि मेमरीचे फेरे वाचवले, तर कंपायलर प्रत्यक्षात वेगवान होतो आणि आपला ग्राफ त्याला गुन्हेगार ठरवतो. उलटंही घडतं. फक्त यूजर मोड मोजला तर कर्नलचं काम, म्हणजे शेकडो हेडर फाइली उघडणं, पेज फॉल्ट (लागलेलं मेमरीचं पान हजर नसणं), हे हिशेबात येतच नाही. अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) वापरणाऱ्या लिंकिंगमध्ये, म्हणजे तयार तुकडे जोडून प्रोग्रॅम करताना, थ्रेड एकमेकांची वाट पाहत बसले तरी इन्स्ट्रक्शन वाढत नाहीत. म्हणून निरोप इन्स्ट्रक्शनवरून पाठवा, पण निकाल देताना शेजारी सेकंद, सायकल आणि मेमरी ठेवा. तिघं एका बाजूला आणि इन्स्ट्रक्शन एकट्या दुसऱ्या बाजूला असतील तर मी तिघांचं ऐकतो.

भाड्याच्या क्लाउड मशीनवर वेगळीच गंमत. तिथे बऱ्याचदा प्रोसेसरचे काउंटर व्हर्च्युअल मशीनच्या आत पोचतच नाहीत. परफ स्टॅट आकड्याच्या जागी 'नॉट सपोर्टेड' छापतं आणि आपली स्क्रिप्ट त्याला निमूटपणे शून्य मानते. शून्य भागिले शून्य, आणि ग्राफ कोरा. अशा ठिकाणी व्हॅलग्रिंड या साधनाचं कॅशग्राइंड चालतं. ते प्रोग्रॅम स्वतःच पायरीपायरीने चालवून मोजतं, त्यामुळे काउंटर लागत नाहीत. फार हळू आहे, पण रात्री लावून सोडलं तर कोणाचं काय जातं?

इन्स्ट्रक्शनचा आकडाही स्थिर येत नसेल, तर चिडू नका, खूश व्हा. तोच कंपायलर, तीच फाइल, आणि दोन फेऱ्यांत एक टक्का फरक, असं एका टेस्टमध्ये आम्हाला दिसत होतं. लिनक्स दर वेळी प्रोग्रॅमला मेमरीत वेगळ्या पत्त्यावर बसवतं. ती सोय बंद केली तर आकडा दगडासारखा स्थिर झाला. म्हणजे आत कुठेतरी पत्त्यावर अवलंबून असलेला क्रम होता. शोधल्यावर सापडला: हॅश टेबलमध्ये पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, हीच किल्ली, आणि त्या टेबलच्या क्रमाने फिरणारं एक लूप. म्हणजे तोच सोर्स कोड दोनदा कंपाइल केला तर निघणारा कोडही वेगळा असण्याची शक्यता होती. परफॉर्मन्स शोधायला गेलो आणि कोडचाच खरा बग हाती लागला. तेव्हा पत्त्यांची उलटापालट बंद करून मोजा, पण महिन्यातून एकदा ती चालू ठेवूनही मोजा.

जीएचसीच्या बाबतीत एक सावधगिरी. 'एकूण मागितलेली मेमरी' हे माप भरवशाचं आहे. 'एका क्षणी वापरात असलेली जास्तीत जास्त मेमरी' हे तितकं नाही. तो आकडा गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको असलेल्या मेमरीची सफाई, होतं त्या क्षणी घेतला जातो. बारीकशा बदलाने तो क्षण इकडेतिकडे सरकला की आकडा उडी मारतो, मग कोणाचा दोष नसला तरी. या मापाला सवलत जास्त ठेवा.

रिकाम्या गाडीची पावती

रावेर-यावलकडे केळीची गाडी भुईकाट्यावर दोनदा चढते, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. फरक तो माल. आता रिकाम्या गाडीची पावती मागच्या महिन्याची लावली, तेव्हा टाकीत डिझेल अर्धं होतं, ताडपत्री नव्हती आणि क्लीनर गावाला गेलेला होता, तर केळी किती भरली हे कोणी सांगावं? बेसलाइन, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो जुना आकडा, हीच ती रिकामी पावती. डिसेंबरच्या थंडीत घेतलेल्या सेकंदांशी मेमधले सेकंद ताडणं हा त्यातलाच प्रकार. जुना आकडा फाइलमधून वाचण्यापेक्षा जुना कंपायलर त्याच दिवशी, त्याच मशीनवर पुन्हा चालवणं केव्हाही बरं.

यातली सगळ्यात नामांकित चूक जीसीसी या कंपायलरवाल्यांच्या ओळखीची आहे. कोणीतरी विकासातली ताजी आवृत्ती बांधतो, डिस्ट्रोतल्या, म्हणजे लिनक्ससोबत तयार आलेल्या, जीसीसीशी तुलना करतो आणि 'नवी आवृत्ती कितीतरी हळू आहे' म्हणून बोंब मारतो. प्रत्यक्षात विकासातल्या जीसीसीमध्ये आतले तपास मुळातच चालू असतात आणि रिलीजमध्ये बहुतेक बंद. बांधताना तपासाचा पर्याय 'रिलीज'वर ठेवावा लागतो. 'एफटाइम-रिपोर्ट' पर्याय दिला तर जीसीसी स्वतःच सांगतो, की जादा तपास चालू आहेत, वेग कमी असू शकतो. ती ओळ कोणी वाचत नाही. एलएलव्हीएममध्ये असर्शन (असेच आतले तपास) चालू असलेलं बिल्ड आणि बंद असलेलं बिल्ड यांची तुलना म्हणजे हेच. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो कंपायलर कोणत्या पर्यायांनी बांधला, कोणत्या कंपायलरने बांधला, हे नोंदवा. आमच्याकडे एकदा मशीनवरचा सिस्टीम कंपायलर अपडेट झाला आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या टेस्ट्स अडीच टक्के सुधारल्या. आमच्या कोडमध्ये कोणी बोटही लावलं नव्हतं.

यावरून एक ठोकताळा बसलाय. सगळ्या टेस्ट्स एकाच दिवशी साधारण सारख्याच टक्क्याने हलल्या, तर कमिटची यादी उघडण्याआधी मशीनवर काय अपडेट झालं ते बघायचं. एक-दोनच हलल्या, तर बहुधा खरंच कोणाची तरी कमिट आहे.

सीकॅशबद्दल (तो आधी कंपाइल झालेलं जपून ठेवतो आणि तेच पुन्हा देतो) दोनच शब्द: बंद करा. तो चालू असताना कंपाइल वेळ मोजणं म्हणजे डब्यातली पोळी गरम करून 'स्वयंपाक दोन मिनिटांत झाला' म्हणण्यासारखं आहे.

आता जरा विश्वास न बसणारी गोष्ट. तोच प्रोग्रॅम, तीच बायनरी, तसंच मशीन, पण माझ्या आणि सहकाऱ्याच्या खात्यावर आकडे वेगळे. कारण? त्याच्या यूजरनेममध्ये अक्षरं जास्त आहेत. हसू नका. प्रोग्रॅम सुरू होताना एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स (यूजरनेम, फोल्डर वगैरे माहिती) स्टॅक या मेमरीच्या भागाच्या वरच्या टोकाला बसतात; त्यांची लांबी बदलली की स्टॅक काही बाइट सरकतो, डेटाची अलाइनमेंट, म्हणजे मेमरीतली बसायची जागा, बदलते आणि वेग हलतो. २००९ मध्ये चार संशोधकांनी हे पद्धतशीर मोजून दाखवलं: एन्व्हायर्न्मेंटचा आकार किंवा ऑब्जेक्ट फाइली लिंक करायचा क्रम, एवढ्याने 'ओ-थ्री हे ओ-टू पेक्षा चांगलं की नाही' (या कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनच्या पातळ्या) याचं उत्तरसुद्धा फिरू शकतं. पुढे २०१३ मध्ये स्टॅबिलायझर नावाचं साधन आलं, ते प्रोग्रॅमची मेमरीतली मांडणी चालू असतानाच पुन्हा पुन्हा पिसतं, म्हणजे एकाच मांडणीच्या नशिबावर निकाल लागत नाही. आपल्याला रोजच्या कामात एवढं पुरे: टेस्ट कायम एकाच खात्यावर, एकाच फोल्डरमधून, एन्व्हायर्न्मेंट रिकामं करून चालवा. आणि तयार झालेल्या कोडच्या वेगात एक टक्का फरक दिसला, तर तो अलाइनमेंटचा नाही ना, हे पाहिल्याशिवाय कोणाला फोन करू नका.

टक्क्यांची खिडकी आणि थेंबे थेंबे तळे

स्वयंचलित टेस्टमध्ये सवलत द्यावीच लागते. आकडा अपेक्षित आकड्याच्या अमुक टक्क्यांत असला तर पास. जीएचसीमध्ये पूर्वी प्रत्येक टेस्टच्या वर्णनातच अपेक्षित आकडा आणि सवलतीचे टक्के लिहिलेले असायचे. ही पद्धत सरळ वाटते, पण तिच्यात खोट आहे. समजा सवलत पाच टक्के. पहिल्याने दीड टक्का खाल्ला, पास. दुसऱ्याने दीड, पास. तिसऱ्यानेही दीड, पास. चौथा अर्धा टक्का वाढवतो आणि टेस्ट त्याच्या अंगावर कोसळते. आधीच्या तिघांनी जेवून हात धुतले, भांडी घासायला हा. तो वैतागून अपेक्षित आकडा वाढवतो आणि खिडकी पुन्हा पाच टक्के मोकळी होते.

जीएचसीने मग आकडे टेस्टच्या फाइलमधून काढून गिट नोट्समध्ये (गिट म्हणजे कोडचा इतिहास ठेवणारं साधन) ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक कमिटला तिचे आकडे चिकटलेले असतात आणि नव्या कमिटची तुलना तिच्या पूर्वजांशी होते. आकडा जाणूनबुजून वाढवायचा असेल तर कमिटच्या संदेशात 'मेट्रिक इन्क्रीज' असं लिहून खाली टेस्टची नावं द्यावी लागतात. मला ही रीत फार आवडते. वाढ मान्य करणं हे कुठल्यातरी फाइलमध्ये गुपचूप आकडा बदलण्यासारखं राहत नाही. कोण, कधी, कशासाठी, हे इतिहासात कायमचं लिहिलं जातं. आपल्या प्रकल्पात एवढी यंत्रणा नसली तरी नियम करता येतो, की बेसलाइन बदलणाऱ्या प्रत्येक कमिटमध्ये एक वाक्य कारणाचं हवंच. 'टेस्ट पास व्हावी म्हणून' हे कारण धरायचं नाही.

पण फक्त आधीच्या कमिटशी तुलना केली तर दुसरं दार उघडं राहतं. प्रत्येक कमिट दीड टक्का वाढवते आणि दोन टक्क्यांच्या सवलतीत आरामात बसते. अशा वीस कमिट झाल्या की चक्रवाढीने कंपायलर ३५ टक्के हळू झालेला असतो आणि एकही टेस्ट लाल झालेली नसते. पतपेढीच्या व्याजाने घर कसं बुडतं हे ज्याने पाहिलंय त्याला हे सांगायला नको. म्हणून दोन तुलना लागतात. एक कालच्याशी, आत्ताचा गुन्हेगार पकडायला. दुसरी मागच्या रिलीजशी, साचलेलं तळं बघायला. दुसरीला निरोप पाठवायची गरज नाही. महिन्यातून एकदा कोणीतरी चहा घेऊन तो ग्राफ उघडला तरी पुरतं.

मशीनची कटकट अजिबात नको असेल तर एक जातीची टेस्ट जरूर लिहा. तीच रचना दोन आकारांत बनवायची, समजा हजार केसेसचं स्विच आणि दोन हजार केसेसचं, आणि दोन्हींच्या मापांचं गुणोत्तर बघायचं. दोनच्या जवळपास आलं तर ठीक. चारकडे सरकलं, तर कोणीतरी आत लूपमध्ये लूप घातलंय. उन्हाळा असो की हिवाळा, गुणोत्तर फारसं हलत नाही. जीसीसीच्या बगझिलामध्ये 'कंपाइल-टाइम-हॉग' असा वेगळा शिक्काच आहे; मशीनने लिहिलेल्या अवाढव्य फाइलींवर कंपायलर गुडघे टेकतो अशा तक्रारी त्याखाली येतात. अशी एखादी फाइल ग्राहकाच्या तक्रारीनंतर टेस्टमध्ये घालण्यापेक्षा आधीच घातलेली बरी.

लांडगा आला रे आला

साधा हिशेब करा. तीनशे टेस्ट्स, प्रत्येकीचा खोटा निरोप द्यायचा धोका एक टक्का, दिवसाला वीस फेऱ्या. म्हणजे रोज साठ खोटे निरोप. चौथ्या दिवशी सगळे तो ग्रुप म्यूट करतात, आणि पाचव्या दिवशी खरा लांडगा येतो.

सगळ्या टेस्ट्सना एकच सवलत लावणं हे याचं मूळ. काही टेस्ट्स स्वभावानेच शांत असतात, काही चंचल. प्रत्येकीचा मागचा इतिहास घेऊन ती एरवी किती हलते ते काढा आणि तिची मर्यादा त्यावरून ठरवा. रस्टचा डॅशबोर्ड असंच करतो. एलएलव्हीएमचं एलएनटी हे निकाल नोंदवणारं साधन दोन संचांतला फरक खरा की योगायोग हे पाहायला मान-व्हिटनी चाचणी वापरतं; पण तिला खायला नमुने लागतात. एक जुना आणि एक नवा आकडा देऊन कुठलीच संख्याशास्त्रीय चाचणी तुम्हाला वाचवणार नाही. शिवाय सगळ्या टेस्ट्सच्या वेळांची बेरीज करून एकच आकडा पाहू नका. एक मोठी टेस्ट बाकीच्या पन्नास लहान टेस्ट्सना झाकून टाकते. प्रत्येक टेस्टच्या नव्या-जुन्या वेळांचं गुणोत्तर काढा आणि त्या गुणोत्तरांचा भूमितीय मध्य घ्या.

आणि निरोप वाचायचं काम कोणाचं, हे ठरलेलं हवं. रस्टवाले दर आठवड्याला पाळीने एकाला बसवतात, तो आठवड्यातले सगळे चढउतार पाहून प्रत्येकाचा निकाल लिहितो. 'सगळ्यांचं काम' म्हटलं की ते कोणाचंच नसतं, हे आपल्या गल्लीतल्या नळाच्या तोटीवरूनही कळतं.

चोर सोडून संन्याशाला

रिग्रेशन खरं आहे, पण कोणी केलं माहीत नाही. मग गिट बायसेक्ट, म्हणजे कमिटची यादी अर्धी-अर्धी करत शोध. हजार कमिटमधून साधारण दहा पायऱ्यांत चोर सापडतो, आणि 'बायसेक्ट रन'ला स्क्रिप्ट दिली तर आपण झोपायला मोकळे.

पण ते दहाही निकाल बरोबर हवेत. प्रत्येक पायरीवर तुमची टेस्ट ९० टक्के वेळा खरं सांगत असेल, तर दहाही खरं सांगण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के. म्हणजे तीनातल्या दोन वेळा बायसेक्ट पूर्ण आत्मविश्वासाने निरपराध कमिटवर बोट ठेवणार. पायरीची खात्री ९९ टक्क्यांवर नेली तर एकूण खात्री ९० च्या घरात जाते. म्हणून बायसेक्टची स्क्रिप्ट रोजच्या टेस्टपेक्षा कडक हवी. जास्त फेऱ्या, शक्यतो इन्स्ट्रक्शनचं माप, आणि चांगल्या-वाईटाची रेघ दोन्ही टोकांच्या बरोबर मधोमध.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मधली एखादी कमिट बांधलीच जात नाही आणि स्क्रिप्ट एक हा कोड परत करते. गिट समजतो, कमिट वाईट. न बांधल्या जाणाऱ्या कमिटसाठी १२५ परत करायचं असतं, म्हणजे गिट तिला वगळून पुढे जातो. माझी एक अख्खी रात्र या १२५ ने खाल्ली आहे. सापडलेल्या कमिटवरही लगेच विश्वास ठेवू नका. ती आणि तिच्या आधीची, दोन्ही नव्याने बांधा आणि आलटून पालटून मोजा. मग फोन.

काही प्रकल्पांत अनेक बदल एकत्र बांधून एकदम आत घेतात. रस्टमध्ये त्याला रोलअप म्हणतात. गाठोड्यात रिग्रेशन निघालं तर गाठोडं उघडून एकेक बदल वेगळा मोजावा लागतो. ज्या बदलाचा वेगावर परिणाम होण्याची शंका आहे तो गाठोड्यात टाकूच नये, असा शिक्का तिथे आधीच मारता येतो.

कमिट सापडली तरी कारण सापडतंच असं नाही. जीसीसीचा एफटाइम-रिपोर्ट कोणत्या टप्प्यात वेळ गेला ते सांगतो. एलएलव्हीएमच्या क्लँग कंपायलरमध्ये आवृत्ती ९ पासून एफटाइम-ट्रेस आहे, तो ब्राउझरमध्ये उघडता येणारी काळरेषाच काढून देतो. तयार झालेला कोड हळू झाला असेल तर एलएलव्हीएमचा 'ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट' वापरा. तो ऑप्टिमायझेशनचे टप्पे एका क्रमांकापर्यंतच चालवतो, म्हणून कोणत्या टप्प्याने घाण केली ते कमिटसारखंच अर्धं-अर्धं करत शोधता येतं. बऱ्याचदा दोष भलत्याच टप्प्यात निघतो: बदल इनलाइनरमध्ये (फंक्शनचा कोड बोलावणाऱ्या जागीच घालणारा टप्पा), फुगलेला कोड पुढे, आणि वेळ खाणारा, प्रोसेसरमधल्या जागा वाटणारा, रजिस्टर अ‍ॅलोकेटर. तिथे काम करणाऱ्याला उगाच बोल लावू नका, त्याच्याकडे माल जास्त आलाय.

पेढे वाटण्याआधी

आम्ही बराच काळ निरोप फक्त वाईट आकड्यांचे पाठवत होतो. एकदा एक टेस्ट रातोरात ४० टक्के वेगवान झाली. ग्रुपवर अंगठे, कोणीतरी 'पार्टी कधी, भो?' असंही लिहिलं. दोन आठवड्यांनी लक्षात आलं, की फोल्डरची जागा बदलल्यामुळे एक हेडर सापडत नव्हतं. कंपायलर अर्ध्या फाइली कंपाइल करून तिथेच एरर देऊन थांबत होता आणि स्क्रिप्ट त्याचा परतावा कोड न बघता फक्त वेळ लिहून घेत होती. त्या दोन आठवड्यांत त्या टेस्टमध्ये एक खरं रिग्रेशन घुसलं होतं, ते अर्थातच कोणाला दिसलं नाही.

असाच दुसरा प्रकार पर्यायाचं नाव बदलल्याचा. ओ-थ्री देणारी ओळ गळाली, टेस्ट ओ-झिरोने, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय, चालू लागली, आणि कंपाइल वेळ बघता बघता उतरला. आता प्रत्येक फेरीनंतर तीन गोष्टी तपासल्या जातात: कंपायलर शून्य परतवून संपला का, ऑब्जेक्ट फाइल आहे का, आणि तिचा आकार कालच्याच्या आसपास आहे का. आकार एकदम बदलला तर वेळेचा आकडा ग्राफवर जातच नाही. आणि दोन टक्क्यांपेक्षा जास्त सुधारणा झाली तरी निरोप जातो, त्याच लाल रंगात. ही स्क्रिप्ट चाळीसगावच्या त्या पोराने लिहिली. त्याची स्पेलिंगची कमिटही आम्ही पुन्हा आत घेतली. दुपारी अडीचला, लाइट गेलेली असताना.